सात घरचं जेवण

आमच्या कॉलनीत काही काळ माणसांना आडनावाऐवजी वारांनी ओळखायची पद्धत पडली होती. "मंगळवारला ताप आलाय" असं कुणी म्हटलं की पाहुण्यांना वाटायचं, यांचं पंचांग बिघडलं. मंगळवार म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी, कळवणकडची, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायलाही फट न ठेवणारी बाई. रविवार म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. गुरुवार म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा. शनिवार म्हणजे मी. हे सगळे वार एका मुलीच्या जेवणाचे होते.

आमची वस्ती नाशिकरोडच्या बाजूला, बौद्धांची. कारखान्यात, शाळांत, सरकारी ऑफिसांत नोकऱ्या करून लोकांनी इथं घरं बांधली. मी विजेच्या ऑफिसात बिलांच्या तक्रारी ऐकण्यात आयुष्य घालवलं. त्यामुळे माणसानं तोंड उघडायच्या आधीच त्याची तक्रार काय असेल ते मला कळतं, असा माझा समज आहे. आमच्या ह्यांच्या मते तो गैरसमज आहे.

दर पावसाळ्यात आमच्या विहारात एक भंतेजी वर्षावासाला येतात. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने फिरायचं नाही, एका जागी राहायचं, अशी ती रीत. त्या काळात त्यांचं जेवण घरांनी वाटून घ्यायचं, रोज एक घर. विहारातल्या फळ्यावर वार लिहायचे. आपला वार आला की घर धुऊनपुसून लख्ख करायचं, पांढरी साडी नेसायची, खीर करायची आणि भंतेजींना वाढायचं. याला आम्ही भोजनदान म्हणतो. भंतेजी काही मागत नाहीत, ताटात पडेल ते खातात, आणि जेवण झालं की गाथा म्हणून घरादाराला आशीर्वाद देतात. आपण हात जोडून बसायचं. मला स्वतःला हे फार आवडतं. वर्षातला तेवढा एक दिवस आमचे हे मोबाइल बाजूला ठेवून ताठ बसतात.

करोनानंतर जे भंतेजी आले, ते बारा गावचं पाणी प्यायलेले होते. ईशान्येकडे बरीच वर्षं राहिलेले. एका संध्याकाळी ग्रंथवाचन संपल्यावर त्यांनी आम्हाला चकमा लोकांविषयी सांगितलं. ही माणसं बौद्धच. त्यांचे डोंगर आता बांगलादेशात आहेत. तिथं मोठं धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि त्यातली बरीच माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली. पुढं त्यांना अरुणाचलात नेऊन वसवलं. इथं जन्मलेली मुलं म्हातारी व्हायला आली तरी ती निर्वासितच. नागरिकत्वाचं भिजत घोंगडं. त्यांच्यातली एक मुलगी बारावी होऊन घरी बसलीय, तिला नर्स व्हायचंय, तिकडं कुणी दाराशी उभं करत नाही. तुमच्या गावात कॉलेजं आहेत, तुम्ही तिला घ्याल का, असं त्यांनी विचारलं.

आम्ही लगेच हो म्हणालो. अध्यक्षांचे डोळे भरून आले होते. "आपणही कुणीतरी हात दिला म्हणूनच शिकलो," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. सात घरं पुढं आली. फी सगळ्यांनी मिळून भरायची. राहायला माझ्या गच्चीवरची खोली. आणि जेवणाचं काय, असा प्रश्न आला तेव्हा मंगळवार म्हणाली, "त्यात काय इचारायचं? वार लावून टाकू!"

कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त गुरुवारचे आजोबा कुरकुरले. वार लावून जेवणं हे पूर्वी ब्राह्मणांच्या गरीब पोरांचं, ते आपण कशाला उचलायचं, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षांनी त्यांना समजावलं, की तो वार वेगळा आणि हे दान वेगळं. शब्द बदलला तसं आजोबांचं समाधान झालं. फळा होता, खडू होता, वर्षावास संपत आलाच होता. भंतेजींचे वार पुसून तिथं मुलीचे लिहिले.

मुलगी आली ती गाडीत तीन दिवस काढून. लहानखुरी, गोल चेहऱ्याची, पाठीवर सॅक. स्टेशनवर आम्ही हार घेऊन गेलो होतो. तिनं हाराकडे असं पाहिलं, जणू आपल्यामागे कुणी पुढारी उभा आहे.

पहिल्या आठवड्यात तिनं सात घरी सात खिरी खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सात. भोजनदानाला खीर करायची एवढंच आमच्या हाताला ठाऊक. जेवण झालं की घरातली माणसं हात जोडून तिच्यासमोर बसायची, सवयीनं. मुलगी गोंधळायची. मंगळवारच्या घरी तिला काही सुचेना, तेव्हा तिनं लहानपणी शिकलेलं त्रिशरण म्हटलं, तिकडच्या उच्चारात. मंगळवारनं त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मग काय, प्रत्येक घरी जेवणानंतर तिला ते म्हणावं लागायला लागलं. शेजारीपाजारी ऐकायला यायचे. एकोणीस वर्षांची पोरगी, दिवसभर नर्सिंग कॉलेजच्या दवाखान्यात रुग्णांची अंथरुणं बदलून आलेली, खरकट्या हातानं बसून आम्हाला आशीर्वाद द्यायची.

मराठी ती लवकर शिकली, पण आमच्याकडून नाही. ती पेशंटांनी शिकवली. ज्या दवाखान्यात तिची ड्यूटी असायची तिथं दिंडोरी, पेठकडून माणसं येत. त्यामुळे ती "लय दुखतं का, बाबा?" असं विचारायची आणि "नाय, काय नाय होत" म्हणून धीर द्यायची. अध्यक्ष तिला दर रविवारी जेवताना शुद्ध बोलायला शिकवत. ती मान डोलवायची आणि सोमवारी पुन्हा लय म्हणायची. मला ते आवडायचं.

जेवायची मात्र ती परीक्षेला बसल्यासारखी. समोर येईल ते सगळं, शेवटच्या शितापर्यंत. मी एकदा विचारलं, "तुमच्याकडे काय करतात गं जेवायला?"

"भात," ती म्हणाली. "भाजी उकडून. मिरची."

"बस?"

"और मछली. सुखाके."

मी हे मंगळवारला सांगितलं. तिनं पुढच्या वारी मोठ्या कौतुकानं भाजी उकडली, आणि मग नुसती कशी वाढायची म्हणून तिला काळ्या मसाल्याची फोडणी दिली. मुलीनं ती खाल्ली. "छान हाय, मावशी," म्हणाली. आम्हा सगळ्या बायकांना ती मावशीच म्हणायची. आम्हाला वाटायचं, पोर किती गुणाची, कशाला नाही म्हणून म्हणत नाही. तिनं कधी ताटातलं परतवलं नाही, कधी हे करा म्हणून सांगितलं नाही. भंतेजींसारखीच, असंही कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

दुसऱ्या वर्षी तिच्या ड्यूट्या बदलायला लागल्या. कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. दवाखान्याला आमचे वार ठाऊक नव्हते. ताटं वाढून घरं वाट बघत बसायची आणि ती यायची नाही, किंवा आली तर पेंगत यायची. आधी कुजबुज झाली, मग ग्रुपवर टोमणे. "आज आमचं अन्न वाया गेलं, नमो बुद्धाय." एक दिवस तिनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, वर एक छोटी शेगडी ठेवू का? मी म्हटलं, कशाला गं, सात घरं आहेत तुला. ती बरं म्हणाली आणि वर गेली.

मग भुर्जीचं प्रकरण झालं. तो मंगळवार होता. मंगळवारच्या घरी शेवभाजी आणि बाजरीच्या भाकऱ्या. मुलीचा फोन आला, ड्यूटी लांबलीय, येता येत नाही. त्याच संध्याकाळी मंगळवारचे मिस्टर द्वारका चौकातून येत होते. त्यांना ती एका गाड्याजवळ बाकावर बसलेली दिसली. एकटी. अंडाभुर्जी आणि पाव खात होती. त्यांचं म्हणणं, हसत खात होती. फोनवर बोलत होती का, शेजारी कुणी होतं का, असं आम्ही खोदून खोदून विचारलं. नव्हतं कुणी. आपली एकटीच खात होती.

मंगळवारनं त्या रात्री स्वयंपाक तसाच झाकून ठेवला आणि स्वतःही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. मला आधी हसू येत होतं. एका भुर्जीचं एवढं काय? पण ती म्हणाली, "आमच्या हातचं खायला नको हाय तिला. तोंडानं बोलत नाय, एवढंच." आणि माझं हसू गेलं.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. माझे वडील सिन्नरजवळच्या एका खेड्यातले. तिथं चहाच्या दुकानात त्यांचा कप वेगळा, बाहेर, तो त्यांनीच धुऊन ठेवायचा. शहरात आले, नोकरीला लागले, क्वार्टर मिळाली. मग ऑफिसातल्या लोकांना ते हौसेनं घरी जेवायला बोलवायचे. लोक यायचे, खुर्चीवर बसायचे, गप्पा मारायचे, आणि जेवणाची वेळ झाली की त्यांना कुठलंतरी काम आठवायचं. आई पातेली झाकून ठेवायची. वडील त्या दिवशी जरा जास्त जेवायचे. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घराकडं असं एखादं झाकलेलं पातेलं आहे. आमच्या हातचं कुणी खाल्लं तर आम्हाला सणासारखं वाटतं, आणि कुणी टाळलं तर ते कशामुळे टाळलं हे विचारायच्या आत आमचं रक्त तापतं. मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला दिसत होती ती फक्त ताटं.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात बैठक बसली. विषय स्पष्ट होता. शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. अध्यक्ष म्हणाले, जिला आपलं अन्न नको तिला आपले पैसे तरी का हवेत? तिनं खोटं बोलून समाजाचा विश्वास मोडला. आपण तिला परत पाठवावं, भंतेजींना तसं कळवावं. सोमवार आणि शुक्रवारनं मान डोलावली. फी भरली नाही तर कॉलेज नाव काढून टाकणार आणि दोन वर्षं पाण्यात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परत जाऊन ती करणार काय, तर बापाबरोबर दुसऱ्याच्या शेतात राबणार. हेही ठाऊक होतं.

आमचे हे सहसा बैठकीत बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "पोरीला विचारा तरी."

मुलगी मागं, चपलांजवळ बसली होती. युनिफॉर्मवरच आली होती, दुपारपाळीला जायचं होतं म्हणून. अध्यक्षांनी तिला पुढं बोलावलं. "बाळा, तुला इथं काय कमी होतं? भंतेजींना जसं वाढतो तसं तुला वाढलं. त्यांच्यात आणि तुझ्यात आम्ही फरक केला नाही."

ती पुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता माफी मागेल, रडेल, अध्यक्ष पाघळतील आणि पुन्हा खिरी सुरू होतील. मीसुद्धा मनातल्या मनात तिला तेच सुचवत होते, की माग बाई माफी आणि मोकळी हो.

"फरक हाय, सर," ती म्हणाली. "भंतेजींनी घर सोडलं. स्वतः सोडलं. आम्ही नाय सोडलं. आमचं पाण्यात गेलं. माझी आजी अजून सांगते, चूल कुठं होती, तांदूळ कुठं ठेवायची. भंतेजींना चूल नको. मला पाहिजे."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"तुमचं जेवण लय चांगलं हाय," ती मंगळवारकडे बघून म्हणाली. "पण रोज पाहुणी हाय मी. दोन वर्षं झाली, रोज कुणाच्या तरी घरी पाहुणी. भुर्जीवाल्यानं मला काय इचारलं नाय. मी पैसे दिले, खाल्लं, उठली."

मंगळवारनं पदर तोंडाला लावला. गुरुवारचे आजोबा, जे कानानं अधू आहेत आणि ज्यांना यातलं अर्धंच ऐकू आलं असणार, ते मोठ्यानं म्हणाले, "मग द्या की तिला चूल! त्यात मीटिंग कसली?"

फी भरायची आणि वाराऐवजी शिधा द्यायचा का, यावर हात वर करून मतं घेतली. पाच घरं मुलीच्या बाजूनं, दोन विरुद्ध. पाचात मंगळवार होती, याचं मला नवल वाटलं. ती पुढं कितीतरी दिवस मुलीशी बोलली नाही, समोर आली की रस्ता ओलांडायची, पण तिच्या वाटणीचे तांदूळ मात्र वेळेवर माझ्याकडे आणून द्यायची, तेही निवडून. अध्यक्ष आणि सोमवार बाहेर पडले. भांडण न करता, अगदी सभ्यपणे. तिला आता आपली गरज उरली नाही, असं अध्यक्ष म्हणाले. खरं तर गरज तितकीच होती. वाढायला मिळत नव्हतं, एवढाच फरक पडला होता. मला त्यांचा राग आला आणि अजून तो पुरता गेलेला नाही. उरलेल्या पाच घरांनी जरा ओढाताण करून फी भरली. मुलगी शेवटचं वर्ष पास झाली, आणि आता इथंच एका खाजगी दवाखान्यात नोकरीला आहे. नागरिकत्वाचं घोंगडं तसंच भिजत पडलंय.

पण मला सांगायचंय ते शेगडी वर गेली त्या दिवसाचं. आमच्या ह्यांनी छोटा सिलिंडर खांद्यावर घेऊन गच्चीवर चढवला आणि कमरेला हात लावून खाली आले. तो शनिवार होता, म्हणजे माझा वार. जेवायला कुणी येणार नव्हतं, तरी हातांना सवय झालेली. मी मेथीची भाजी जास्तच केली. दिवेलागणीला वरून वास यायला लागला, सुक्या मासळीचा, उग्र, आमच्या सुकटीपेक्षाही उग्र. मग पळीचा आवाज. मग ती गुणगुणायला लागली. दोन वर्षं ती माझ्या डोक्यावर राहत होती आणि मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मी वाटीत भाजी घेतली, वर ताटली झाकली आणि जिना चढले. भाजी हे निमित्त. मला वाटत होतं, ती म्हणेल, या मावशी, बसा, आज माझ्या हातचं खाऊन बघा. मी काय बोलायचं तेही ठरवलं होतं. वास कितीही येवो, दोन घास खायचे आणि छान म्हणायचं.

दाराला आतून कडी होती. मी हाक मारली. दार वीतभर उघडलं. केस मोकळे, हाताला भात लागलेला, चेहरा वाफेनं लाल. तिनं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज नको, मावशी," ती हसून म्हणाली. "मी जेवते हाय."

आणि दार हळूच लावून घेतलं. कडी लागली.

मी जिन्यात उभी राहिले. माझे कान तापले होते. हा नकार तसला नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. सहा दिवसांपूर्वी तिच्या बाजूनं मी हात वर केला होता. तरी राग आला, आणि त्या रागाखाली रडू होतं, लहानपणचं. आईच्या झाकलेल्या पातेल्यांशेजारी उभं राहिल्यासारखं वाटलं. आत ती पुन्हा गुणगुणायला लागली. मध्येच थांबायची, घास घ्यायची, पुन्हा सुरू करायची. पोर पोटभर जेवावी, एवढंच आम्हाला हवंय, असं आम्ही दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. ती पोटभर जेवत होती, आणि त्या जेवणात तिला मी नको होते. वाटी हातात घेऊन मी खाली आले.